चौकटीतली वीण : जपानी विणकामाची पुस्तके शोधताना आणि घेताना

प्रस्तावना

वॉटफर्डमध्ये कुणा मराठी बाईच्या हातात जपानी विणकामाचे पुस्तक दिसले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अगं, तुला जपानी येतं?" बहुतेक जणींना येत नाही. तरीही त्या त्यातून स्वेटर विणतात, शाली विणतात आणि एक पुस्तक झाले की दुसरे मागवतात. हे कसे जमते, पुस्तक कुठे शोधायचे, घेताना काय पाहायचे, हे सगळे मराठीत एका जागी असावे म्हणून ही पुस्तिका केली आहे. ज्यांना सुलट, उलट, टाके वाढवणे, कमी करणे आणि बंद करणे येते त्यांच्यासाठी ती आहे. सुया धरायला शिकवण्याचे काम तिने अंगावर घेतलेले नाही.

जपानी पुस्तक उघडले की आधी फोटो येतात, मोठे आणि निवांत. मागच्या पानांत प्रत्येक कपड्याचा आराखडा असतो: पाठ, पुढचा भाग, बाही, गळा. प्रत्येक कडेवर सेंटिमीटर लिहिलेले, कंसात टाक्यांची आणि ओळींची संख्या. शेजारी चौकटींचा तक्ता. एक चौकट म्हणजे एक टाका, चौकटींची एक आडवी रांग म्हणजे विणकामाची एक ओळ. मजकूर अगदी थोडा, आणि पुस्तकागणिक तोच तो: लोकर किती, सुया कोणत्या, दहा सेंटिमीटरच्या चौरसात टाके किती आणि ओळी किती. संपूर्ण स्वेटर बहुधा दोन-तीन पानांत मावतो.

इंग्रजी पद्धत शब्दांची. एकेक ओळ लिहून काढायची, तीही तोडलेल्या शब्दांत: सुलटसाठी 'के', उलटसाठी 'पी', दोन टाके एकत्र सुलट असतील तर 'के टू टॉग'. आपण राहतो त्या गावाचा या पद्धतीशी जुना संबंध आहे. ओडम्स प्रेसने १९३७ मध्ये 'वुमन' हे बायकांचे साप्ताहिक सुरू केले आणि ते फोटोग्राव्ह्युअरने रंगीत छापता यावे म्हणून उत्तर वॉटफर्डमध्ये नवा छापखाना उभारला. इमारतीचा आराखडा ओवेन विल्यम्स यांचा. गावाच्या दुसऱ्या बाजूला व्हिपेंडेल रोडवर सन एन्ग्रेव्हिंगचा छापखाना होता, जिथे 'पिक्चर पोस्ट' छापला जाई. पन्नासच्या दशकात 'वुमन'चा खप आठवड्याला तीस लाखांच्या वर गेला होता. अशा साप्ताहिकांतून विणकामाचे नमुने घरोघर पोचत, आणि अरुंद स्तंभात बसणारी ती तोडलेल्या शब्दांची भाषा ब्रिटनमधल्या कितीतरी बायकांना तोंडपाठ होती. इथल्या धर्मादाय दुकानांत जुन्या नमुन्यांची पातळ पत्रके मिळतात ती आजही त्याच भाषेत बोलतात. त्या पद्धतीबद्दल मला आदर आहे. पण ती वाचायला इंग्रजी लागते, आणि इंग्रजी येत असले तरी पन्नास ओळी वाचून झाल्यावरही वीण डोळ्यांसमोर उभी राहत नाही.

जपानी तक्त्यात ती आधीच उभी असते. तिथे विणीच्या खुणा राष्ट्रीय औद्योगिक मानकातच बसवल्या आहेत. त्या मानकाचा क्रमांक जेआयएस एल ०२०१. उभी रेघ म्हणजे सुलट, आडवी रेघ म्हणजे उलट, गोल म्हणजे सुईवर दोरा घेऊन केलेला नवा टाका. दोन टाके एकत्र विणताना वरचा टाका ज्या बाजूला झुकतो त्याच बाजूला खुणेची रेघ झुकते. वेणीच्या खुणेत पुढून जाणारे टाके पुढून गेलेले दिसतात, मागचे मागून. प्रकाशक कोणताही असो, खुणा याच. एकदा शिकलेल्या खुणा पुढच्या प्रत्येक पुस्तकाला लागू पडतात, आणि परक्या लिपीतले पुस्तक विकत घेण्याचे धाडस करता येते ते या एका गोष्टीमुळे.

मराठी बाईला हे तक्ते परके वाटू नयेत, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे विणकाम शिकवले गेले ते बहुतांशी दाखवून. मावशीच्या शेजारी बसायचे, तिच्या हाताकडे पाहायचे, काकूंच्या स्वेटरची वीण आवडली तर तो अंगावर असतानाच टाके मोजायचे. बाळंतविड्यातली टोपडी, मोजे, अंगडी कागदावर पाहून विणलेली असत असे नाही. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या वहीत विणीचे छोटे चौकोन चिकटवलेले असत आणि खाली नाव लिहिलेले: वेणी, जाळी. ज्या डोळ्यांनी तयार वीण पाहून तिचे टाके ओळखले आहेत, त्या डोळ्यांना जपानी तक्ता वाचायचे निम्मे शिक्षण मिळालेले असते. तक्ता म्हणजे समोरून पाहिलेली वीणच.

आकड्यांचेही तेच. ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात '१५ ते ८' एवढे लिहिले की मधल्या ओळीत पंधरा ठिपके आणि दोन्हीकडे एकेक कमी होत आठापर्यंत, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. जपानी आराखड्यात बगलेच्या कडेला '२-१-३' लिहिलेले असते. दर दोन ओळींनी, एक टाका, असे तीनदा. पहिला आकडा ओळींचा, दुसरा टाक्यांचा, तिसरा किती वेळा ते सांगणारा. असे आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे, कारण विणकामही खालून वर वाढते. वरून खाली वाचले तर बगलेचा बाक उलटा येतो. तीनऐवजी एकच आकडा आणि पुढे एक जपानी खूण असेल, तर तितक्या ओळी काही न वाढवता, काही कमी न करता सरळ विणायच्या.

तक्त्याबद्दल दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवाव्या लागतात. तक्ता नेहमी कापडाची पुढची बाजू दाखवतो. काम पलटून मागच्या बाजूने विणताना ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची आणि खूण सुलटची असेल तर हाताने उलट विणायचे. गोल सुईवर सलग विणताना हा प्रश्नच येत नाही. दुसरी गोष्ट रिकाम्या चौकटीची. तक्ता मोकळा दिसावा म्हणून सर्वांत जास्त येणारी खूण गाळलेली असते आणि तळाशी रिकामी चौकट, बरोबरचे चिन्ह आणि उभी किंवा आडवी रेघ असा खुलासा दिलेला असतो. एका तक्त्यात रिकामी चौकट सुलट असते, पुढच्याच पानावर ती उलट असू शकते. दुकानात पुस्तक चाळताना मी आधी हा खुलासा पाहते. तो स्पष्ट आणि ठसठशीत छापलेला असेल तर बाकीचे पुस्तकही काळजीने केलेले असते, असा माझा अनुभव आहे.

आता सुयांच्या नंबरांकडे वळते, कारण आपल्या घरांत गोंधळ होतो तो तिथेच. भारतात सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी विकल्या जातात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर ३.२५, १२ नंबर २.७५. जपानी नंबर उलट दिशेने जातात. ० नंबर २.१ मिलिमीटर, आणि पुढे प्रत्येक नंबराला ०.३ मिलिमीटरची भर. म्हणजे ३ नंबर ३ मिलिमीटर, ८ नंबर ४.५, १० नंबर ५.१, १५ नंबर ६.६. त्याहून जाड सुया जपानमध्येही मिलिमीटरमध्येच सांगतात. तुळशीबागेतून आणलेल्या १० नंबरच्या सुयांवर जपानी पुस्तकातला १० नंबरचा स्वेटर घातला तर तो लहान मुलाच्या मापाचा होईल आणि पुठ्ठ्यासारखा ताठ होईल. इंग्लंडमध्ये आता सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात, पण आईकडून आलेल्या सुयांवर जुनाच आकडा असतो. त्या सुया जपून ठेवाव्यात, वापराव्यात, फक्त विणायला घेण्याआधी सुईमापकाच्या भोकातून घालून पाहाव्यात. जपानी ५ नंबर ३.६ चा, ६ नंबर ३.९ चा, इथे त्यांच्या जागी ३.५ किंवा ३.७५, आणि ४ घ्यावी लागते. हा बारीक फरक नमुन्याचा चौकोन विणला की हातानेच भरून निघतो. क्रोशाच्या सुयांचे नंबर वेगळे आहेत, तिरक्या रेघेपुढे शून्य लावलेले: पाच-शून्य म्हणजे ३ मिलिमीटर, सात-शून्य म्हणजे ४, दहा-शून्य म्हणजे ६.

लोकरीचे गुंडे मोजण्यातही सावध राहावे. हामानाका कंपनीच्या 'अमेरी' लोकरीचा गुंडा ४० ग्रॅमचा, त्यात ११० मीटर धागा. पुस्तकात आठ गुंडे लिहिले म्हणून इथल्या ५० किंवा १०० ग्रॅमच्या हिशेबाने आठ गुंडे आणू नयेत. मीटर काढावेत आणि त्यावरून आपली लोकर ठरवावी. मापही बहुधा एकच दिलेले असते, आणि ते आपल्याला घट्टच होते. पण आराखडा सेंटिमीटरमध्ये असल्यामुळे रुंदी वाढवणे ही साधी गुणाकाराची गोष्ट राहते. लिखित इंग्रजी नमुन्यात हे करायला बसले तर मला निम्मा दिवस लागतो.

पहिले पुस्तक कोणते घ्यावे, यावर ही पुस्तिका करणाऱ्या आमच्यात मतभेद झाले. माझा कौल हितोमी शिदांच्या पुस्तकाला आहे. एकाच नमुन्यात जाळी, वेण्या, पिळलेले टाके आणि उठावदार गोटे गुंफून त्या जे करतात ते पाहताना थक्क व्हायला होते, आणि तरी तक्ता समोर ठेवला की त्यातली प्रत्येक ओळ विणता येण्याजोगी असते. त्यांचा २६० विणींचा कोश टटल प्रकाशनाने २०१७ मध्ये इंग्रजीत आणला आणि २५० विणींचा २०१८ मध्ये. दोन्हींचा अनुवाद गेल रोम यांनी केला आहे. खुणांची फोड इंग्रजीत आणि तक्ते मूळ जपानी, अशी ही पुस्तके नवशिक्या वाचकाला पुलासारखी उपयोगी पडतात. केइको ओकामोतो यांचा १५० विणींचा कोशही त्याच प्रकाशनाकडून २०१८ मध्ये आला, आणि निहोन वोग या प्रकाशनसंस्थेचा १९९२ मधला एक हजार विणींचा कोश २०२० मध्ये. ही इंग्रजी पुस्तके इथल्या कोणत्याही पुस्तकविक्रेत्याला मागवता येतात. घेण्याआधी चाळायची असतील तर हेम्पस्टेड रोडवरच्या आपल्या मध्यवर्ती वाचनालयात विचारावे. १९२८ पासून ते तिथे उभे आहे आणि तिथले कर्मचारी मागणी मनापासून ऐकून घेतात.

कोश आणि कपड्यांचे पुस्तक यांतला फरक मात्र आधीच ठरवून घ्यावा. कोशात फक्त विणी असतात. त्यातून स्वेटर करायचा तर माप, बाही, गळा हे सगळे आपले आपण बेतावे लागते. ज्यांना तयार कपडा विणायचा आहे त्यांनी मूळ जपानी पुस्तकाकडे जावे. निहोन वोग ही संस्था १९५४ पासून हस्तकलेची पुस्तके काढते आहे, आणि तिचे 'केइतो दामा' हे त्रैमासिक विणणाऱ्यांसाठी दर ऋतूचा ठेवा असतो. बुंका प्रकाशनाची पुस्तके साधी आणि अंगात घालावीशी वाटतील अशी. काझेकोबो या नावाने काम करणाऱ्या योको हात्ता किंवा तोशियुकी शिमादा यांच्या पुस्तकांत शेटलंडच्या रंगीत विणीचा अभ्यास दिसतो. ब्रिटनच्या उत्तर टोकाच्या बेटांवरचे हे काम जपानमध्ये इतक्या निष्ठेने जपले गेले आहे, हे इंग्लंडमध्ये बसून पाहताना मला फार मोलाचे वाटते.

शोधण्याबद्दल. नव्वदच्या दशकात इकडच्या जपानी कुटुंबांची आणि जपानी वस्तू हव्या असणाऱ्या सगळ्यांचीच सोय कॉलिंडेलला होत असे. एजवेअर रोडवर १९९३ मध्ये याओहान प्लाझा उघडला, तिथे किराणा होता, खाण्याची दुकाने होती आणि जपानी पुस्तकांचे दुकानही होते. पुढे तो ओरिएंटल सिटी झाला आणि २००८ मध्ये बंद पडला. २०१७ पासून त्या जागी बँग बँग ओरिएंटल नावाचे खाद्यदालन आहे. मध्य लंडनमध्ये रीजंट स्ट्रीटवरच्या मित्सुकोशी या जपानी दुकानाच्या तळघरात जेपी बुक्स हे पुस्तकांचे दुकान होते. २०१३ मध्ये मित्सुकोशी बंद झाले आणि हे दुकान पिकडिलीजवळच्या डेन्मन स्ट्रीटवर गेले. वॉटफर्ड जंक्शनहून युस्टनला जलद गाडीने वीसेक मिनिटे लागतात, तेव्हा शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येते. निघण्याआधी हवे ते पुस्तक आहे का, नसल्यास मागवतील का, हे फोनवर विचारून घ्यावे. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर २०१८ मध्ये उघडलेल्या जपान हाउसमध्ये पुस्तके आहेत. ती निवडक असतात आणि तिथे विणकाम मिळेलच असे नाही, पण जपानी हस्तकला डोळ्यांखालून घालायला तिथे जरूर जावे. दर ऑक्टोबरला अलेक्झांड्रा पॅलेसला विणकाम-भरतकामाचे मोठे प्रदर्शन भरते. तिथे पुस्तक प्रत्यक्ष हातात घेऊन तक्ते पाहता येतात, हा त्याचा मोठा फायदा.

बाकी खरेदी जपानहूनच. परदेशी पाठवणारे विक्रेते बरेच आहेत, आणि जे पाठवत नाहीत त्यांच्याकडून आपल्या वतीने घेऊन पुढे पाठवणारे मध्यस्थही आहेत. मागवताना नावावर विसंबू नये. एकाच लेखिकेच्या पुस्तकांची नावे सारखीच वाटतात आणि मुखपृष्ठे नव्या आवृत्तीत बदलतात. मागच्या पानावरचा तेरा आकडी आयएसबीएन हाच खरा पत्ता. जपानी पुस्तकाचा आकडा ९७८-४ ने सुरू होतो. त्यापुढे ५२९ असेल तर पुस्तक निहोन वोगचे, ५७९ असेल तर बुंकाचे. तोच आकडा शोधात टाकला की लिपी येत नसली तरी नेमके पुस्तक समोर येते.

जुनी पुस्तके घेताना शेवटचे पान पाहावे. जपानी पुस्तकात प्रकाशनाची माहिती तिथे असते आणि साल अनेकदा सम्राटाच्या कालगणनेत दिलेले असते. शोवा सालात १९२५ मिळवायचे, हेइसेई सालात १९८८. शोवा ५५ म्हणजे १९८०. ओन्दोरी या नावाने हस्तकलेची सुंदर पुस्तके काढणारी संस्था २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिची पुस्तके आता जुन्या बाजारातच. त्यांच्यासाठी थोडे जास्त मोजावे लागले तरी मला वावगे वाटत नाही. विक्रेत्याकडून तक्त्याच्या पानाचा फोटो मात्र मागून घ्यावा, कारण आधीच्या मालकिणीने पेन्सिलीने ओळी खोडलेल्या असतात, कधी मधले पानच नसते.

टपालाचा खर्च अनेकदा पुस्तकाच्या किमतीला गाठतो. घाई नसेल तर समुद्रमार्ग स्वस्त पडतो; दोन-तीन महिने धरावेत. चौघी-पाचजणींनी मिळून एक पार्सल मागवले तर विमानाचा खर्चही वाटला जातो, आणि आम्ही बहुतेक वेळा तेच करतो. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅटचा दर शून्य आहे, परदेशाहून मागवली तरीही. त्याच पार्सलात लोकर किंवा सुया असतील तर त्यांच्यावर २० टक्के लागतो, म्हणून पुस्तके आणि लोकर शक्यतो वेगवेगळी मागवावीत.

एका गोष्टीबद्दल या पुस्तिकेत कुठेही तडजोड केलेली नाही. शिदांची आणि इतरांची अख्खी पुस्तके स्कॅन करून त्यांच्या फायली हातोहात फिरवल्या जातात. एक वीण बसवायला डिझायनरने किती चौकोन विणून उसवले असतील, हे विणणारीला सांगावे लागू नये. फाइल घेऊन विणले की पुढचे पुस्तक निघण्याची शक्यता आपणच कमी करतो. पुस्तक महाग वाटत असेल तर दोघींत मिळून घ्यावे, एकमेकींना वाचायला द्यावे, वाचनालयाला मागावे. या पुस्तिकेतले तक्ते आम्ही स्वतः आखले आहेत आणि खुणा समजावण्यापुरतेच आहेत. कोणत्याही पुस्तकातले पान त्यात घेतलेले नाही.

आमच्यातल्या काही जणी पुण्याच्या आहेत आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलेल्या आहेत. नोकरीच्या कामासाठी शिकलेली ती भाषा इथे टाके, ओळी आणि बाह्यांच्या कामी आली. शेवटची शब्दयादी त्यांनी केली आहे. तिच्यात प्रत्येक शब्द मूळ जपानी लिपीत मोठ्या अक्षरात आहे, शेजारी देवनागरीत उच्चार आणि पुढे मराठी अर्थ: आमिमोनो म्हणजे विणकाम, केइतो म्हणजे लोकर, बोबारी म्हणजे विणायच्या सुया, कागिबारी म्हणजे क्रोशाची सुई, मे म्हणजे टाका, दान म्हणजे ओळ. अक्षरे मुद्दाम मोठी ठेवली आहेत, म्हणजे पुस्तकातली खूण शेजारी धरून रेघ न रेघ ताडून पाहता येईल आणि फोनच्या कॅमेऱ्यालाही ती वाचता येतील. यादीतली पाने सुटी काढता येतात. ती विणकामाच्या पिशवीत ठेवावीत, आणि नवा शब्द भेटला की शेवटच्या कोऱ्या रकान्यात लिहून आम्हाला कळवावा. पुढच्या आवृत्तीत तो छापला जाईल.